पायथ्याच्या गावातून वाट कशी धरावी : वेल्हे, गुंजवणे आणि पाली परिसरातल्या पायवाटांसाठी

पुण्याहून तोरणा-राजगडाकडे जाणारे बहुतेक जण गडाची तयारी करून येतात, पायथ्याची करत नाहीत. रॉक पॅच (उभ्या कातळाचा टप्पा) किती अवघड आहे, रेलिंग आहे का, वर पाणी मिळेल का, हे सगळं विचारून झालेलं असतं. वाट मात्र चुकते ती खाली, गावातलं शेवटचं घर मागे पडल्यापासून गडाची सोंड, म्हणजे गडावरून गावाकडे उतरत आलेली डोंगराची धार, पायाखाली येईपर्यंतच्या पट्ट्यात. वर वाटेला फारसे पर्याय नसतात. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधून एकच मळलेली वाट. खाली मात्र शेताचे बांध, सरपणाच्या वाटा, ढोरवाटा आणि ओढ्यांची कोरडी पात्रं एकमेकांत गुंतलेली असतात. सकाळी तिथे तास गेला की चढणीवर दुपारचं ऊन गाठतं, आणि संध्याकाळी तीच जागा अंधारात पार करायची वेळ येते.

गडावर काय बघावं हे इथे सापडणार नाही. घरून निघण्यापासून परत गावात येईपर्यंत काय, कोणत्या क्रमाने करायचं, एवढंच आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक चुका योग्य गोष्ट उशिरा केल्यामुळे होतात.

टप्पा १ : आधी गाव ठरवा, मग गड

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, गाव मात्र वेल्हेच. फोनच्या नकाशात नुसतं ‘राजगड’ टाकून गाडी सोडली तर ती कुठल्या गावात नेईल याचा भरवसा नाही. म्हणून नकाशात गडाचं नाव टाकू नका, पायथ्याच्या गावाचं टाका.

तोरण्यासाठी वेल्हे. पुण्याहून साधारण साठ किलोमीटर. सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला आत वळायचं, पुढे मार्गासनीवरून वेल्हे. दुसरा रस्ता खडकवासल्याकडून पाबे घाटाने येतो. तो घाटाचा आहे, पावसात आणि अंधारात त्याचा नाद करू नका. एसटीने यायचं तर स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी आहे.

राजगडासाठी दोन गावं नीट लक्षात ठेवा. गुंजवणे : मार्गासनीहून साखरमार्गे. इथली वाट चोर दरवाजातून पद्मावती माचीवर निघते, शेवटचा टप्पा उभा आणि कातळाचा, रेलिंग धरून चढायचा. पाली : वाजेघरमार्गे. इथली वाट पाली दरवाजाने वर जाते, पायऱ्यांची आणि त्यातल्या त्यात सोपी. पहिल्यांदाच डोंगरात जाणाऱ्याने, लहान मुलांना किंवा घरच्या वडीलधाऱ्यांना नेणाऱ्याने पालीची वाट घ्यावी. गुंजवण्याच्या वाटेचं नाव जास्त ऐकलेलं असतं म्हणून तीच धरण्यात काही अर्थ नाही.

राजगडावर सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच आहे. गाडी गुंजवण्यात लावायची, वर गेल्यावर उतरायला पायऱ्या बऱ्या वाटतात म्हणून पाली दरवाजाने खाली यायचं, आणि पायथ्याला पोचल्यावर कळायचं की गाडी डोंगराच्या पलीकडच्या गावात आहे. संध्याकाळी त्या बाजूला वाहन मिळवायचं म्हणजे गावकऱ्यांच्या दाराशी जाऊन विनवण्या करणं आलं. ज्या दरवाजाने चढलात त्याच दरवाजाने उतरायचं, हे घरून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा.

राजगड-तोरणा सलग चालण्याचा विचार या लेखाच्या भरवशावर करू नका. संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून पुढे निघणारी ती लांबलचक धार आहे, आणि तिथे आधी जाऊन आलेला माणूस बरोबर असायलाच हवा.

> तपासा : गटातल्या प्रत्येकाला पायथ्याच्या गावाचं नाव आणि चढायच्या दरवाजाचं नाव तोंडपाठ आहे का? एकट्यालाच माहीत असेल तर तो एकटा मागे राहिला की बाकीचे आंधळे.

टप्पा २ : ऋतू बघा

जून ते सप्टेंबर या भागात धुकं इतकं उतरतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. ओढे तासाभरात भरतात. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा झालेला असतो. शिवाय पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी जायला बंदी घालतं. निघण्याच्या आदल्या दिवशी आपल्या ठिकाणासाठी आदेश आहे का ते बघा, आणि असेल तर जाऊ नका. तो मोडून गेलेल्यांना शोधायला शेवटी गावातलीच पोरं पावसात बाहेर पडतात.

सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत डोंगर सगळ्यात सुंदर असतो, सोनकीच्या फुलांनी पठारं पिवळी झालेली असतात. पण याच दिवसांत गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं आणि पायवाट त्याखाली झाकली जाते. ओळखीची वाटसुद्धा या दिवसांत हरवते. परतीच्या पावसाच्या विजा याच काळातल्या, बहुतेक वेळा दुपारनंतरच्या.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी खरा काळ. वाटा उघड्या पडलेल्या, हवा कोरडी. त्रास एकच, वाळलेलं गवत. उतारावर ते ओल्या कातळाइतकंच घसरतं. मार्चपासून गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांतलं पाणी खाली जातं, वणव्यांचे दिवस सुरू होतात, आणि तोरण्याच्या वेल्ह्याकडच्या वाटेवर सावली जवळपास नसल्यामुळे नऊनंतर चढणं नकोसं होतं. मे महिन्यात जायचंच असेल तर पहाटे पायथा सोडायचा आणि अकराच्या आत खाली यायचं. ते जमणार नसेल तर तो रविवार सिंहगडाला द्या.

टप्पा ३ : वेळेचा हिशोब शेवटाकडून मांडा

लोक हिशोब करतात तो निघण्यापासून. सातला निघू, वाटेत मिसळ खाऊ, दहापर्यंत पोचू. हा हिशोब नेहमी बिघडतो. सूर्यास्तापासून मागे या.

समजा डिसेंबरचा दिवस आहे आणि तोरणा करायचा आहे. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. वेल्हे गडाच्या ईशान्येला आहे, म्हणजे दुपारनंतर ऊन डोंगराच्या मागे जातं आणि या बाजूच्या वाटेवर सावली त्याच्या बरीच आधी पडते. साडेचारला गावात यायचं धरा. उतरायला अडीच तास. म्हणजे गड दोनला सोडायचा. मेंगाई देवीचं देऊळ, झुंजार माची, बुधला माची असं फिरायला अडीच तास ठेवले तर वर साडेअकराला पोचायला हवं. चढायला गटाने तीन तास. म्हणजे शेवटचं घर साडेआठला सोडायचं. गावातल्या कामांना अर्धा तास, पुण्याहून प्रवास दोन तास. पुणं सहाला सोडलं पाहिजे, त्याचे साडेसहा होता कामा नयेत.

चढाईचा वेळ काढायची साधी रीत : सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर सहाशे मीटर चढाईमागे आणखी एक तास. तोरण्याची उंची १४०३ मीटर आहे आणि वेल्ह्यापासून चढ सहाशे ते सातशे मीटरच्या आसपास पडतो. रीत लावली तर दोन तासांच्या आत-बाहेर उत्तर येतं. ते सराव असलेल्या एका माणसाचं, न थांबता चालणाऱ्याचं. गटाला त्यावर निम्मा वेळ वाढवून धरा.

सराव किती हवा, याचं मोजमाप पुण्यात घरापाशीच आहे. आतकरवाडीतून पायवाटेने सिंहगड दीड तासात, बोलत बोलत चढता येत असेल तर तोरण्याला हरकत नाही. तेवढ्यात जमत नसेल तर आधी महिनाभर पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी करा. पायऱ्या चढण्याइतकंच उतरण्याकडेही लक्ष द्या, गुडघे उतरतानाच बोलतात.

> सावधान : परत फिरायची वेळ घरीच ठरवा आणि कागदावर लिहा. ‘दोन वाजता जिथे असू तिथून मागे’, असं. वर दरवाजा समोर दिसत असताना हा निर्णय कुणालाच घेता येत नाही.

टप्पा ४ : सॅक, बूट, फोन

पाणी माणशी तीन लिटर. दोघांत चार चालत नाही. एक लिटर वेगळ्या बाटलीत ठेवा आणि ती बाटली उतरायला लागेपर्यंत उघडू नका. त्यात मीठ-साखर किंवा ओआरएसची पुडी टाकायची. खायला गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशम्या, थालीपीठ. कोरडे वेफर आणि बिस्किटं तहान वाढवतात.

बूट नवे नकोत. आठवडाभर रस्त्यावर वापरलेले, खोल खाचांच्या तळव्याचे असावेत. धावण्याच्या बुटांचा मऊ गुळगुळीत तळवा मुरमाच्या घसाऱ्यावर काही कामाचा नाही. नखं आदल्या रात्री कापा. तीन तास उतरताना पायाचं बोट बुटाच्या टोकाला आपटत राहिलं की नख काळंनिळं होतं.

टॉर्च प्रत्येकाकडे, फोनचा सोडून. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पूर्ण पँट, कारण कारवीच्या काटक्या आणि गवताची कुसळं उघड्या पायांची साल काढतात. सुगंधी तेल, अत्तर, डिओ लावू नका. याचं कारण टप्पा ७ मध्ये आहे.

फोनवर नकाशा घरीच उतरवून घ्या, दरीत रेंज नसते. दुसऱ्या कुणी रेकॉर्ड केलेला ट्रॅक (चाललेल्या वाटेची नकाशावरची रेषा) मिळाला तर चांगलंच, पण तो डोळे झाकून धरू नका. ट्रॅक करणारा माणूस जिथे चुकला तिथला फाटाही त्यात असतो, आणि कड्याच्या कुशीत, आपण कुठे आहोत ते दाखवणारा उपग्रहाचा ठिपका बऱ्यापैकी सरकतो. ट्रॅकचा उपयोग ‘मी साधारण बरोबर सोंडेवर आहे ना’ एवढ्यापुरता. गावातून निघाल्यापासून स्वतःचा ट्रॅक मात्र चालू ठेवा, उतरताना तोच खरा उपयोगी. फोन विमान मोडवर ठेवला तरी ठिपका दिसतो आणि बॅटरी टिकते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा वाचता येत असेल तर फारच उत्तम. त्यात दर २० मीटर उंचीला एक रेषा असते. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की पदर (कड्याखालचा सपाट टप्पा) किंवा पठार. वाट कुठे दम काढणार आहे ते घरबसल्या कळतं.

टप्पा ५ : गावातला अर्धा तास

हा अर्धा तास वाचवायला जाऊ नका. गाडी ज्याच्या अंगणाजवळ किंवा खळ्यात लावायची त्याला विचारून लावा. भाताच्या दिवसांत खळ्यात गाडी उभी केली की मळणी अडते.

मग जेवण सांगा. पिठलं-भाकरी, ठेचा, जे असेल ते, ‘इतकी माणसं, साडेचारपर्यंत खाली येऊ’ असं सांगून. पोट भरण्यापलीकडे याचा एक मोठा उपयोग आहे. तुमची वाट बघणारं एक घर तयार होतं. भाकरी थापून ठेवलेली मावशी सहा वाजले तरी माणसं आली नाहीत म्हटल्यावर गप्प बसत नाही. नोंदवहीतल्या सहीपेक्षा हे जास्त पक्कं आहे. कुठल्या वाटेने जाणार आणि तिनेच परतणार का, हेही त्याच घरी सांगा आणि एक फोन नंबर देऊन ठेवा.

आता वाट विचारणं. इथे शहरातली माणसं हमखास चुकतात. बोट दाखवून ‘मामा, ही वाट गडावर जाते ना?’ असं विचारतात. मामा ‘हा, जाती की’ म्हणतात आणि ते खरंच असतं, कारण त्यांच्या पायांना ती जाते. प्रश्नात उत्तर घालून देऊ नका. असं विचारा :

‘मामा, गडाला निघायचं तर कुठून सुरुवात करू?’
‘डाव्या-उजव्या हाताला कुठल्या वाटा सोडायच्या?’
‘लोक चुकतात ते कुठं?’

तिसऱ्या प्रश्नाला मिळणारं उत्तर सोन्याचं. ‘वड्यापल्याड डाव्या हाताची वाट सोडा, ती ढोरांची हाय. सोंडंनं सरळ वर जायचं,’ असं काहीतरी कानावर पडतं, आणि त्या एका वाक्यात सकाळचा तास वाचतो. उत्तर लिहून घ्या. ‘इथंच हाय, धा मिन्टं’ हे अंतर मात्र त्यांच्या पायांचं आहे, तुम्ही तिप्पट धरा.

आणखी एक विचारा : ‘आज वर ताकवाले गेलेत का?’ शनिवार-रविवारी गडावर ताक, लिंबू सरबत विकायला गावातली माणसं पहाटे चढतात. ती गेली असतील तर वर माणूस आहे हे कळतं, आणि गवतात पडलेली ताजी पाऊलवाटही मिळते.

> तपासा : शेवटच्या एसटीची वेळ वाहकाला किंवा स्टँडवर आत्ताच विचारली का? परतताना विचारून उपयोग नाही.

टप्पा ६ : शेवटचं घर ते सोंड

आता मुख्य भाग. इथे वेग नको, डोळे हवेत. बोलणं कमी करा आणि सगळ्यात पुढे तोच चालू दे ज्याने गावात वाट विचारली.

शेतातून जाताना बांधावरून चाला, वाफ्यातून नाही. वईतली (कुंपणातली) कवाडी उघडली तर मागच्याने ती लावूनच पुढे यायचं. उघडी राहिली की गुरं पिकात शिरतात आणि पुढच्या रविवारी येणाऱ्याला गावात कुणी वाट सांगत नाही.

शेतं संपली की झुडपं आणि माळ सुरू होतो, आणि फाटे फुटायला लागतात. माणसांची वाट आणि ढोरवाट यांतला फरक इथे ओळखता आला पाहिजे. तो असा.

पायाखाली बघा. ढोरवाटेवर खुरांचे खळगे आणि शेण असतं, माती भुसभुशीत उखडलेली असते. माणसांच्या वाटेवर माती दाबून घट्ट झालेली असते, आणि मध्ये आलेला दगड वरून गुळगुळीत, काळपट चकाकणारा. असा एक घासलेला दगड दिसला तर शंभर पावलं निर्धास्त जा.

मग छातीच्या उंचीला बघा. गुरं खालून जातात, त्यामुळे ढोरवाटेवर फांद्या कमरे-छातीपर्यंत आडव्या आलेल्या असतात आणि तुम्हाला वाकावं लागतं. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीला कोयत्याने तिरप्या तोडलेल्या फांद्यांची टोकं दिसतात. सलग दोन-तीन मिनिटं वाकून चालावं लागत असेल तर थांबा, तुम्ही गुरांच्या मागे निघाला आहात.

तिसरं, वाट कुठे चालली आहे ते बघा. गुरं चढ टाळतात. ढोरवाट डोंगराच्या पोटाने आडवी जाते आणि पाणवठ्यापाशी नाहीतर गवताच्या माळावर विरून जाते. गडाची वाट थोडी आडवी गेली तरी पुन्हा वर वळतेच. दहा मिनिटं उंची वाढलीच नाही तर मागे या.

सरपणाची वाट जास्त फसवी, कारण ती माणसांनीच पाडलेली असते, घासलेले दगडही असतात. ती ओळखायची खूण म्हणजे आजूबाजूची तोडलेली खुंटं. ती दाट होत जातात आणि मग वाट एकाएकी संपते.

दगडांवर रंगवलेले बाण मिळतील, दगडावर दगड रचलेल्या खुणाही मिळतील. बाणावर भरवसा ठेवताना पुढचा बाणही सापडला पाहिजे. एक दिसला आणि नंतर पंधरा मिनिटं काहीच नाही, तर मागच्या बाणापाशी परत जा आणि तिथून नीट बघा.

प्रत्येक फाट्यावर हे करायचंच : फाटा ओलांडून दहा पावलं पुढे जा, मागे वळा आणि फोटो काढा. चढताना दिसणारी जागा आणि उतरताना दिसणारी जागा या दोन वेगळ्या जागा असतात. चढताना एक होणाऱ्या दोन वाटा तुमच्या लक्षातही येत नाहीत, उतरताना त्याच ठिकाणी दोन वाटा फुटलेल्या दिसतात आणि सोपी, रुंद दिसणारी बहुतेक वेळा चुकीची निघते. संध्याकाळच्या चुकांपैकी कितीतरी या एका फोटोने टळतात, आणि तरीही फार थोडे लोक तो काढतात.

> सावधान : दगड उचलताना, कातळाच्या कपारीत हात घालताना आधी बघा. फुरसं हा विषारी साप दगडाखालीच असतो आणि मातीच्या रंगात मिसळून जातो. चावलाच तर चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, घट्ट दोरी बांधणं यांतलं काहीही नको. माणसाला शांत बसवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा, १०८ ला फोन करा आणि उचलून खाली न्या.

सोंडेवर पोचलात याची खूण : दोन्ही बाजूंनी जमीन खाली उतरलेली, वारा लागतो, मागे गाव पूर्ण दिसतं आणि बहुतेक वेळा फोनला रेंज येते. इथे थांबा, पाणी प्या, घरी ‘सोंडेवर पोचलो’ असा निरोप टाका.

टप्पा ७ : सोंड ते दरवाजा

वाट आता सोपी सापडते, अंगाला जड जाते. एका संथ चालीने चला, धावून थांबू नका. दर पाऊण तासाला पाच मिनिटं विश्रांती पुरे. जास्त बसलं की पाय आखडतात.

वेल्ह्याच्या वाटेवर बिन्नी दरवाजाच्या खाली कातळाचा टप्पा आहे, रेलिंग आहे. तिथे एका वेळी एकाने चढायचं. वरच्याने सरकवलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो, म्हणून खाली उभं राहणाऱ्यांनी बाजूला सरकून थांबायचं. दगड सुटला तर मोठ्याने ‘दगड!’ ओरडायचं. रेलिंगवर सगळा भार टाकू नका, आधी हलवून बघा. विजा चमकत असतील तर लोखंडी रेलिंगला हात नको आणि उघड्या धारेवर थांबणंही नको. अर्धा तास खाली पदरात बसून काढा, झाडापासून दूर.

आग्यामोहोळाची पोळी कड्याच्या पोटात, सावलीत लोंबतात. आरडाओरड, धूर, सिगारेट आणि अत्तराचा वास यांनी माशा उठतात. उठल्याच तर हात हलवत उभे राहू नका. तोंड-डोकं ओढणीने, जर्किनने झाकून तिथून दूर पळा, दाट झुडूप मिळालं तर त्यात शिरा. मात्र पळताना कड्याची बाजू कुठली हे विसरू नका.

टप्पा ८ : परत फिरणं आणि उतरणं

कागदावरची वेळ झाली की वळायचं. बरोबरचं निम्मं पाणी त्याआधीच संपलं तर तेव्हाच वळायचं. दोन्हींपैकी जे आधी होईल ते.

उतरताना गटाची रचना बदला. वाट माहीत असलेला पुढे, आणि सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये. प्रत्येक फाट्यावर मागचे दिसेपर्यंत पुढच्यांनी थांबायचं आणि मोजणी करायची. ‘ते येतील मागून’ या वाक्याने आजवर पुष्कळ गट फुटले आहेत.

घसाऱ्यावर टाच आधी, पाऊल जरा आडवं, गुडघे किंचित वाकलेले. शरीर मागे झुकवलं की पाय निसटतो आणि माणूस बसतो. काठी असेल तर उताराच्या बाजूला टेका.

सोंड संपून पुन्हा तो खालचा पट्टा लागला की फोन काढा आणि सकाळचे फोटो बघत चला. आता गाव दिसत असतं, म्हणून सरळ खाली सुटावंसं वाटतं. सुटू नका.

> सावधान : ओढ्याच्या किंवा घळीच्या पात्रातून कधीही उतरू नका. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला आहे, कठीण थर आणि मऊ थर आलटून पालटून. मऊ थर झिजून पदर होतो, कठीण थर उभा राहून कडा होतो. म्हणून वरून सरळ गावाकडे जाणारी दिसणारी घळ पाचशे पावलांवर एकाएकी कड्यावरून तुटते. पावसाळ्यात तिथूनच धबधबा पडतो. अर्ध्यावर अडकलेल्या माणसाला ना खाली जाता येतं ना वर.

टप्पा ९ : वाट चुकलीच तर

शंका आली त्या क्षणी थांबा. ‘जरा पुढे बघू’ नको. सगळ्यांना एकत्र बसवा, पाणी प्या, दहा मिनिटं काहीही ठरवू नका. मग शेवटची खात्रीची जागा कुठली, यावर एकमत करा आणि आल्या वाटेने तिथे परत जा, चढावं लागलं तरी. सगळ्यांनी. दोघांनी पुढे जाऊन बघून यायचं, बाकीच्यांनी बसायचं, असं करू नका. त्यातून एकाचे दोन हरवलेले गट होतात.

अंधार पडायला तासापेक्षा कमी वेळ उरला असेल आणि वाट सापडत नसेल, तर शोध थांबवा. कड्यापासून आणि ओढ्यापासून दूर, सोंडेवर किंवा पदरात सपाट जागा बघून बसा. रेंज असेल तर ११२ ला आणि जेवण सांगितलेल्या घरी फोन करा. ट्रॅकवरचा ठिपका अक्षांश-रेखांशासह पाठवा. शिट्टीचा संकटाचा इशारा ठरलेला आहे : एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. रात्री टॉर्चने तसंच. शोधणाऱ्यांचा आवाज आला तरी त्यांच्याकडे धावू नका, जागेवरून आवाज देत राहा. त्यांना वाट माहीत आहे.

शेकोटी पेटवायचा मोह थंडीत होतो. डिसेंबरनंतरच्या गवतात एक ठिणगी अख्खा डोंगर जाळते, आणि आगीच्या मध्ये तुम्हीच असता.

टप्पा १० : गाव सोडण्याआधी

खाली आलात की आधी डोकी मोजा, मग जेवणाच्या घरी जाऊन आल्याचं सांगा. एसटी पकडायच्या घाईत परस्पर निघून गेलात तर ती माणसं रात्री तुम्हाला शोधायला निघतील.

घोटे, गुडघ्यामागचा भाग आणि कमरेचा पट्टा तपासा, गोचीड तिथेच चिकटते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा काडी लावू नका. बूट झटकून घ्या. वर नेलेलं प्लास्टिक गावातल्या उकिरड्यावर टाकू नका, पुण्याला परत न्या. ते उचलायला तिथे रोजची गाडी येत नाही, आणि गुरं ते खातात.

आणि सकाळी ज्या मामांना वाट विचारली त्यांना कुठे गोंधळ झाला ते सांगा. वाकडा झालेला बाण, ढासळलेली दरड, मोडलेलं रेलिंग, गवतात बुजलेला फाटा. दुसऱ्या दिवशी गुरांमागे त्या बाजूला गेले की ते दगड रचून येतात.